निशाणी नांगर ते बारा आकडे : पैशाच्या व्यवहारात माणूस स्वतःचे काय गहाण ठेवतो?

खर्डा म्हटले की ११ मार्च १७९५ ही तारीख आठवते. सवाई माधवरावाच्या नावाने, नाना फडणविसाच्या मसलतीने आणि परशुरामभाऊ पटवर्धनाच्या सेनापतित्वाखाली शिंदे, होळकर, भोसले एकत्र आले. निजाम अली खानाची फौज मागे हटली आणि खुद्द निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. ही कथा शाळेच्या पुस्तकात असते. मात्र या युद्धाचे मूळ हिशेबात होते, हे पुष्कळदा निसटून जाते. चौथाईची थकबाकी किती आणि ती कोणी कोणास द्यावी, या प्रश्नावरून पुणे आणि हैदराबाद यांच्यात वर्षानुवर्षे कागद फिरत होते. कागदांनी वाद मिटला नाही, तेव्हा तोफा आल्या.

तहात निजामाने दौलताबादचा किल्ला आणि परांड्यापासून तापीपर्यंतचा तीस-पस्तीस लाखांचा मुलूख कबूल केला, शिवाय सुमारे तीन कोटी रुपये देण्याचे मान्य केले. तीन कोटी रुपये किल्ल्याच्या तटावरून मोजून देता येत नाहीत, ते वायद्याने द्यायचे असतात. वायद्याला तारण लागते. निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क पुणेकरांच्या ताब्यात देण्यात आला. म्हणजे कर्जाच्या कागदामागे एक जिवंत माणूस उभा करण्यात आला.

पुढे २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावाचा मृत्यू झाला. पुण्याच्या दरबारात वारसाचा घोळ माजला, त्या गडबडीत मुशीर सुटला आणि तहातील बहुतेक कलमे कागदावरच राहिली. मराठ्यांच्या दृष्टीने हा तोटाच. पण तारण म्हणून दिलेला माणूस शेवटी आपल्या घरी परत गेला, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांत पैशाच्या व्यवहारासाठी सामान्य माणसाने जे जे तारण दिले, त्यातले पुष्कळसे परत आलेच नाही.

खर्डा हे लढाईचे गाव, तसेच ते पेठेचेही गाव. निंबाळकरांच्या अमलात वाढलेल्या या पेठेत व्यापारी, दुकानदार आणि सावकार यांची मोठी वस्ती होती. आसपासच्या गावांतले आणि बालाघाटावरचे धान्य, कापड येथे यायचे आणि पश्चिमेकडे पुण्याच्या वाटेला लागायचे. ब्रिटिश काळात जामखेड तालुक्याची गावे निजामाच्या मुलखात तुटक तुटक पसरलेली होती. चार कोस चालले की राज्य बदले, राज्याबरोबर नाणेही बदले. इकडे कंपनीचा रुपया, तिकडे हैदराबादचा हाली शिक्का. अशा सरहद्दीच्या पेठेत रोकड घेऊन हिंडणे धोक्याचे आणि बट्ट्याचे काम. म्हणून व्यापाराचा पैसा हुंडीने चाले.

हुंडीची रचना आजच्या वाचकाने जरा निरखून पाहावी. रक्कम अक्षरी आणि अंकी लिहीत, शिवाय तिची निमपट सांगून ‘त्याचे दुप्पट’ असेही लिहीत, म्हणजे कोणी आकडा खोडून वाढवू नये. हुंडी हरवली तर पेठ आणि पेठही हरवली तर परपेठ लिहून देत. पण सर्वांत चतुराईची तरतूद पैसे घेणाऱ्याच्या ओळखीबाबत होती. धनीजोग हुंडी धन्याला, नामजोग हुंडी नाव असलेल्या माणसाला मिळायची. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र फक्त ‘शहा’लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या साहुलाच मिळत. एखाद्या अनोळखी माणसाने शहाजोग हुंडी आणली तर त्याला बाजारातील एखाद्या शहामार्फत यावे लागे. हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्या शहावर पडे.

या व्यवस्थेत पैसे देणाऱ्या पेढीला त्या अनोळखी माणसाचा बाप कोण, गाव कोणते, अंगावर खुणा कोणत्या, हे जाणून घेण्याची गरज नव्हती. ओळख पटवण्याचे ओझे पत असलेल्या मध्यस्थाने उचललेले असे आणि चूक झाली तर खिसाही त्याचाच रिकामा होई. आजच्या भाषेत सांगायचे तर माहिती आणि जोखीम एकाच हातात होती. ज्याने माहिती ठेवली त्यानेच नुकसान सोसायचे.

या व्यवस्थेला फार गौरवण्याचेही कारण नाही. शहाजोग हुंडीचे सौजन्य पेठेतल्या पेठेत चाले. ज्याची बाजारात पत नव्हती, त्याची गाठ वेगळ्या कागदाशी पडे.

शेतकरी सावकाराकडून कर्ज घेई तेव्हा कुलकर्णी किंवा सावकाराचा कारकून खत लिही आणि शेतकरी खाली निशाणी करी. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तराजू, शिंप्याची कात्री. जुन्या मराठी कागदांवर ‘निशाणी नांगर’ ही अक्षरे आणि शेजारी नांगराची वेडीवाकडी रेघ ठायी ठायी दिसते. ही निशाणी मोठी चमत्कारिक आहे. ती एका माणसाची नसते, साऱ्या व्यवसायाची असते. शंभर कुणब्यांचा नांगर एकसारखाच. तो नांगर कोणत्या कुणब्याचा, हे साक्षीदार सांगत. त्यामुळे खताचा जोर निशाणीपेक्षा साक्षीत अधिक होता आणि साक्ष देणारे गावातलेच, शेतकऱ्याला तोंडओळखीने जाणणारे लोक होते.

इंग्रजी न्यायालये आली आणि साक्षीपेक्षा कागद मोठा झाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू असा की व्याज अनंतकाळ साचू नये. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, त्यात मागचे व्याज मुद्दल म्हणून चढू लागले आणि शेतकरी दर वेळी नव्या कागदाखाली नांगर काढू लागला. आत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. न्यायालयाला मात्र एवढेच दिसे : निशाणी आहे, म्हणजे संमती आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरले. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि खर्ड्याच्या शेजारचा कर्जत तालुका, सगळीकडे तोच प्रकार. या दंग्यांचे विशेष असे की लोकांनी धान्य किंवा दागिन्यांपेक्षा कागद मागितले. खते हाती दिली की बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवाला धक्का लागला नाही. खते चौकात जाळली गेली. आपली निशाणी दुसऱ्याच्या पेटीत पडून आहे आणि तिच्याखाली काय काय लिहिले जाईल याचा भरवसा नाही, ही जाणीव त्या आगीत होती. ‘विदेची खासगी गोपनीयता’ असे जड शब्द तेव्हा नव्हते. दुखणे तेच होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ चा सतरावा कायदा आला, तो दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा. तो प्रथम लागू झाला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. म्हणजे खर्ड्याची पेठही त्याच्या कक्षेत आली.

या कायद्यातील एक तरतूद आज पुन्हा वाचावी अशी आहे. शेतकऱ्याने लिहून दिलेले खत ग्राम-निबंधकासमोर लिहिले गेले नसेल तर ते ग्राह्य धरायचे नाही, असे ठरले. निबंधकाने आधी लिहून देणारा माणूस तोच आहे याची खातरजमा करायची, आपल्या देखरेखीखाली खत लिहायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच निशाणी घ्यायची. खताचा मोबदला काय, त्यात जुने कर्ज किती मिसळले आहे, हे खतातच नोंदवायचे. शेतकऱ्याला प्रत्येक भरण्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क देण्यात आला. ओळख पटवणे आणि संमती घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सरकारी कायद्याने येथे स्पष्टपणे ओळखले. माणूस तोच आहे एवढ्याने भागत नाही, त्याला काय लिहिले ते कळलेही पाहिजे.

सावकारांनी वाटा शोधल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि ‘पैसे फेडलेस की जमीन परत’ असे तोंडी सांगायचे, हा प्रकार वाढला. तरीही कायद्यामागचा विचार खोटा ठरत नाही.

याच सुमारास नांगराच्या जागी अंगठा येत होता. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाच्या एका ठेकेदाराकडून कराराच्या मागे हाताचा ठसा घेतला. ठेकेदाराने पुढे करार नाकारू नये म्हणून त्याला थोडा धाक बसावा, एवढाच त्याचा मूळ उद्देश होता. नंतर हुगळीत त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घेतले, मेलेल्याच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय उभे राहिले आणि ठशांच्या वर्गीकरणात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी मोलाचे काम केले. पैशाच्या कागदावरून निघालेली ही युक्ती पोलिसांच्या कपाटात जाऊन बसली.

तेथून ती कोणाच्या वाट्याला आली, हे नगर-सोलापूर भागाला सांगण्याची गरज नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये नव्या रूपात मुंबई इलाख्यापर्यंत विस्तारला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची नावे रजिस्टरात चढली, त्यांना हजेरी लागली, बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा सरकारला मिळाली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत हे त्याचेच रूप. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. रजिस्टरातील नोंदीने चिकटवलेला संशय पारध्यांच्या पालांवरून अजूनही पुरता गेलेला नाही. ‘ज्याने काही केले नाही त्याला माहिती लपवण्याचे कारण काय?’ असा प्रश्न विचारणाऱ्यांनी या रजिस्टरांचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

चेहरेपट्टी हा मराठी शब्दही मूळचा अशाच नोंदीचा. फौजेच्या हजेरीत शिलेदाराचा वर्ण, उंची, अंगावरचे व्रण टिपून ठेवीत, म्हणजे एकाच्या पगारावर दुसरा उभा राहू नये. ओळखीची खूण आणि पैसा यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. नवी आहे ती तिची व्याप्ती.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक वाटले गेले. बारा आकडे, त्यांत जन्मतारीख नाही, जिल्हा नाही, जात नाही. शेवटचा आकडा आधीच्या अकरांची चूक पकडण्यासाठी. रचना म्हणून हा क्रमांक सोज्ज्वळ आहे आणि ज्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता त्यांना त्याने पहिला कागद दिला, हेही खरे. प्रश्न क्रमांकाच्या पोटात नव्हताच. तो क्रमांक किती कपाटांच्या किल्ल्यांना जोडला जाईल, यात प्रश्न होता.

एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय देयक निगमाने यूपीआयची सुरुवात केली. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि भाजीच्या गाड्यांवर चौकोनी ठिपक्यांचे कागद लागले. एका दृष्टीने यूपीआय ही हुंडीची नात शोभते : देणाऱ्याला घेणाऱ्याचा खाते क्रमांक ठाऊक असण्याची गरज नाही. पण पैसे फिरवणाऱ्या सेवांनी दाराशी केवायसीची अट ठेवली. ऑक्टोबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाइल पाकिटांसाठीही पूर्ण केवायसी बंधनकारक केले. काळा पैसा आणि बनावट खाती रोखायची तर खातेदार कोण हे कळायला हवे, यात वावगे काही नाही. परंतु ‘कोण आहे’ हे पडताळणे वेगळे आणि त्याचा क्रमांक, फोटो, कार्डाची प्रत आपल्याकडे साठवून ठेवणे वेगळे. पहिल्याच्या नावाखाली दुसरे सर्रास झाले.

२०१७ हे वर्ष या संदर्भात महत्त्वाचे. मे महिन्यात सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या अहवालाने दाखवले की केवळ चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे तेरा कोटी लोकांचे आधार क्रमांक उघड झाले असण्याची शक्यता आहे, पुष्कळांचे बँक खात्यांच्या तपशिलांसह. २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

आणि डिसेंबरात एअरटेल पेमेंट्स बँकेचे प्रकरण पुढे आले. मोबाइलचे सिम पडताळण्यासाठी ग्राहकांनी आधार दिले होते. त्याच पडताळणीवर अनेकांची त्यांच्या नकळत बँक खाती उघडली गेली. आधारवर येणारे अनुदान कोणत्या बँकेत जायचे हे निगमाकडील नोंदवहीत ठरते आणि तेथे सर्वांत शेवटी जोडलेले खाते ग्राह्य धरले जाते. त्यामुळे लाखो घरांचे गॅसचे अनुदान ओळखीच्या बँकेऐवजी या अनोळखी खात्यांत जाऊ लागले. आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसी परवानगी निलंबित केली, पैसे मूळ खात्यांत वळवावे लागले. नांगर काढला होता एका खतावर, अंमल झाला दुसऱ्याच खताचा.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने आधार कायदा वैध ठरवला, पण कलम ५७ मधील खासगी कंपन्यांना करारावर आधार मागण्याची मुभा रद्द केली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतात संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरसंचार कंपन्यांसाठी ऐच्छिक वापराची वाट पुन्हा उघडली. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ काउंटरवर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काय लागतो, हा निराळा विषय.

मग अंगठ्याकडेही लक्ष गेले. आधारवर आधारित देयक व्यवस्थेत गावातल्या बँक प्रतिनिधीकडे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. पिन नाही, मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा नाही. बँकेपासून दूरच्या वस्तीला ही सोय मोठी आहे. परंतु तेलंगणात आणि नंतर कर्नाटकात तपासात असे उघड झाले की जमिनीच्या नोंदणीच्या संकेतस्थळांवरील दस्तांवरून बोटांचे ठसे उचलून त्यांच्या रबरी प्रतिकृती बनवल्या जात होत्या. जमीन विकताना दुय्यम निबंधकासमोर दिलेला अंगठा बँकेच्या खात्याची किल्ली ठरला. पासवर्ड बदलता येतो, कार्ड रद्द करता येते. अंगठा दुसरा कोठून आणावा?

उपाय झाले नाहीत असे नाही. प्राधिकरणाने २०१८ मध्ये सोळा आकडी आभासी क्रमांक आणला, जो देऊन मूळ क्रमांक झाकता येतो. पहिले आठ आकडे झाकलेले कार्ड आले, ठसे कुलूपबंद करण्याची सोय आली. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा खरा क्रमांक साठवण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली, त्याजागी त्या दुकानापुरते टोकन. ही शहाजोग हुंडीच्या जवळ जाणारी बुद्धी आहे. आधारच्या बाबतीत मात्र सरकारी सल्लाही डळमळतो. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, झाकलेली प्रत द्या, असे पत्रक काढले. लोक गैरअर्थ काढतील म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले आणि क्रमांक देताना नेहमीचा विवेक बाळगावा, एवढे सांगण्यात आले.

विवेक बाळगायला नकाराची जागा लागते. २०२४ मध्ये राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली. दरमहा १५०० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पुढच्या वर्षी ई-केवायसी सक्तीची झाली आणि बाईला स्वतःबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही भरावा लागला. पाठोपाठ योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली. ज्या घरात पंधराशे रुपये महिन्याचा किराणा ठरवतात, त्या घरातील बाईने झाकलेला क्रमांक देण्याचा आग्रह कोणाकडे धरावा?

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्या केली आहे. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगायचे, त्याच कामापुरती ती वापरायची, संमती मागे घेता आली पाहिजे. आणि ही सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय हवा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. १८७९ च्या निबंधकाला खत मोठ्याने वाचून दाखवावे लागे. आताची सूचना पडद्यावर येईल आणि तिच्याखाली ‘मान्य आहे’ असे बटण असेल.